ळ वगळून

काही माणसांना चहाचा कप हातात असल्याशिवाय वाचता येत नाही, काहींना पाय लांब केल्याशिवाय. वेलांटीच्या आईला पेन्सिल हातात असल्याशिवाय वाचता येत नसे. यात तिचा दोष नव्हता, छापखान्याचा होता. बाळंतपणाआधी सहा वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती, म्हणजे पुस्तक छापून होण्याआधी त्यातल्या चुका शोधून समासात खुणा करत होती. सहा वर्षं पगार घेऊन दुसऱ्यांच्या चुका काढलेलं माणूस घरी बसून एकदम क्षमाशील कसं होणार? दुधाच्या पिशवीवरचे उकार ती सुधारायची. घराच्या करारपत्रात तिने तीन स्वल्पविराम घातले होते, आणि घरमालकाने यात काहीतरी कायदेशीर डाव असणार असं समजून ते वकिलाला दाखवून आणले होते.

वेलांटी ही तिची तीन वर्षांची मुलगी. जन्मल्यापासून आईच्या कमरेला लोंबकळत आलेली, म्हणून बाबाने ठेवलेलं नाव. खरं नाव फक्त लसीकरणाच्या कार्डावर होतं.

ही वेलांटी दुपारी झोपायला साफ नकार देऊ लागली, तेव्हा तिच्या आईने सासूबाईंच्या नावावर वाचनालयातून 'बाळ आणि वेळापत्रक' हे पुस्तक आणलं. मांडीवर मूल, मुलाच्या पाठीवर पुस्तक आणि कानामागे पेन्सिल, असं वाचन सुरू झालं. पान बारावर लिहिलं होतं, रडणाऱ्या बाळाकडे पाहून आईने स्मितहास्य करावे. तिने समासात लिहिलं, 'स्मित किंवा हास्य, एकच ठेवा. बाळ दोन्हींना फसत नाही.' पान एकतीसवर लिहिलं होतं, बाळाला पाळण्यात ठेवून आईने शांतपणे खोलीबाहेर यावे, बाळ सात मिनिटांत झोपते. तिने लिहिलं, 'कोणाचं बाळ? पुतळ्याचं?' पान पंचेचाळीसवर, बाळाने ताटली भिरकावली तरी आईने मनाचा तोल ढळू देऊ नये, असा उपदेश होता. त्याच दिवशी वेलांटीने ताटली नव्हे, तर आख्खं वरणभाताचं पातेलं खाली ढकललं होतं. तिथे पेन्सिलचं टोक मोडेस्तोवर दाबून लिहिलं गेलं, 'लेखिकेला मूल आहे की नुसतंच मत आहे?'

हे सगळं खोडायचं असा तिचा प्रामाणिक बेत होता. पण खोडरबर वेलांटीने चावून त्याचे तुकडे केले, आणि नवं आणेपर्यंत सासूबाईंनी आपल्या कादंबऱ्यांबरोबर ते पुस्तकही परत करून टाकलं. पुस्तक वेळेवर परत करण्याच्या बाबतीत सासूबाई फार कडक होत्या. एका कादंबरीची शेवटची चार पानं उरलेली असताना मुदत संपली म्हणून ती त्यांनी परत केली होती, आणि नायिकेचं पुढे काय झालं हे त्यांना आजतागायत ठाऊक नव्हतं.

गोष्ट तिथेच मिटली असती. पण सहा महिन्यांनी छापखान्याच्या मालकांचा निरोप आला की पहिल्या तारखेपासून अर्धा दिवस या, नाहीतर दुसरं कोणीतरी बघावं लागेल. आता अर्धा दिवस वेलांटीचं काय? सासूबाई म्हणाल्या, मी आजी आहे, पाळणाघर नाही, आणि सकाळचे माझे दोन तास वाचनाचे असतात. ते खरंच होतं. चालत जाण्याच्या अंतरावर एकच बालवाडी होती आणि तिथे दोनच जागा शिल्लक होत्या. वेलांटीची आई धावत जाऊन अर्ज घेऊन आली. घेताना तिची नजर भिंतीवरच्या पाटीकडे गेली. संचालिकाबाईंचं नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटलं. कुठे, ते घराचा जिना चढताना तिसऱ्या पायरीवर आठवलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर.

ती तशीच उलटी फिरली. वाटेत नवं खोडरबर घेतलं, दोन घेतली, आणि वाचनालय गाठलं. ग्रंथपाल गृहस्थ अत्यंत सज्जन होते आणि सज्जन माणसं बरेचदा घात करतात. त्यांनी आनंदाने सांगितलं की पुस्तक बाहेर गेलं आहे, खुद्द लेखिकाच घेऊन गेल्या. नवी आवृत्ती काढायची आहे, तर वाचकांनी खरोखर वापरलेली प्रत पाहायची होती त्यांना. आणि अशी सुंदर प्रत सापडली म्हणता! समास नुसता भरून गेलेला. बाई तासभर इथेच उभ्या राहून वाचत होत्या.

"रागावल्या का हो?" तिने खोडरबर मुठीत आवळत विचारलं.

ग्रंथपालांनी आठवून पाहिलं. म्हणाले, तसं सांगता येणार नाही, पण एकदा त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा उघडलं. पुस्तक अकरा जणांकडे जाऊन आलेलं, त्यामुळे शेरे कोणाचे ते नोंदवहीवरून कळणं शक्य नव्हतं. पण बाईंना त्याची फिकीर नव्हती. त्या म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे आया स्वतःच्या हाताने अर्ज भरतात. ही बाई याच गल्ल्यांतली आहे, आज ना उद्या येईल. मी ळ वरून ओळखेन."

इथे वेलांटीच्या आईच्या ळ विषयी सांगितलं पाहिजे. लहानपणी तिला अक्षरं शिकवली ती मावशीने. मावशीचं म्हणणं असं की डोळा या शब्दात ळ उगाच नाही, ळ ला दोन डोळे असतात. दोन गोल काढायचे आणि दोन्हींत एकेक बुबुळ ठेवायचं. मावशीचे इतर बहुतेक सिद्धांत काळाच्या ओघात खोटे ठरले, पण हा हातात बसला तो बसलाच. कितीही घाईत लिहिलं तरी तिच्या प्रत्येक ओळीत एखाददुसरा ळ टक लावून वाचणाऱ्याकडे बघत असायचा. छापखान्यात त्याला घुबड म्हणत. घरी वेलांटीही घुबडच म्हणायची. आई किराण्याची यादी करायला बसली की ती शेजारी बसून घुबडं शोधायची, आणि हे घुबड नाही, ळ आहे, असं शंभर वेळा सांगूनही तिला ते मान्य नव्हतं. घुबडाला डोळे आहेत, तिचं म्हणणं. तो पुरावा खोडून काढणं अवघड होतं.

जेवताना घरात विचारविनिमय झाला. सासूबाई म्हणाल्या, मी तर आधीच सांगत होते की पुस्तकात लिहू नये. त्यांनी असं कधीही सांगितलेलं नव्हतं, पण पेचप्रसंगी त्या नेहमी आधीच सांगत असत. नवरा म्हणाला, संगणकावर टाइप करून टाक. अर्जाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आईने स्वहस्ताक्षरात भरावा. खाडाखोड, डाग अथवा चित्रे असलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही.' मग मीच लिहितो, तो म्हणाला. ते कोणीच मनावर घेतलं नाही. त्याने केलेली सामानाची यादी वाचून वाण्याने एकदा समोरच्या औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवलं होतं.

शेवटी ती शेजारच्या पोस्टमास्तरांकडे गेली. ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण पस्तीस वर्षं वाईट अक्षरांतले पत्ते लावल्यामुळे हस्ताक्षर या विषयावर आपला शब्द शेवटचा आहे असं ते मानत, आणि त्यांच्याशी वाद घालायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी तिला मागचापुढचा संदर्भ विचारला नाही. वीस ळ लिहायला लावले. मग बुबुळांशिवाय वीस. मग चष्मा पुसून कागद उजेडात धरला.

"काका, आता वेगळा दिसतो ना?"

"दिसतो की. मघाशी जागं होतं, आता झोपलंय. पण पाखरू तेच." त्यांनी कागद परत दिला. "हे बघ, माणूस चालतो तसाच लिहितो, चाल काही बदलत नाही. तू सरळ ते अक्षरच गाळ. हजार शब्द आहेत भाषेत. एका अक्षरावाचून काही अडत नाही."

एका अक्षरावाचून काही अडत नाही, हे वाक्य ज्याने तीन वर्षांच्या मुलाचं वर्णन कधी लिहिलेलं नाही तोच बोलू शकतो. वेलांटी खेळायला गेल्यावर तिची आई टेबलाशी बसली, अर्ज पुढ्यात घेतला, आणि पाच मिनिटांत तिच्या लक्षात आलं की मराठी भाषेने मुलांची सगळी कामं या एकाच अक्षरावर सोपवलेली आहेत. मूल खेळतं. पळतं. लोळतं. मळतं. डोळे चोळतं. घोळ करतं, गोंधळ करतं, धुमाकूळ घालतं, आणि हे सगळं सकाळ-संध्याकाळ, सगळ्यांजवळ, कंटाळा न येता. वेलांटीला केळं आवडायचं. केळं सोडा, पिवळं फळ असं लिहावं, तर तिथे एकाच्या जागी दोन घुबडं येऊन बसली.

तरी सहा वर्षांचा छापखाना वाया गेला नव्हता. पर्यायी शब्द शोधणं तिला येत होतं. पहिला प्रश्न होता, बाळ सकाळी केव्हा उठते? तिने लिहिलं, 'कन्या सूर्योदयासमवेत जागृत होते.' खरं तर नुसतं 'मुलगी सहाला उठते' एवढ्यावर भागलं असतं. पण एकदा 'जागृत' लिहिलं की 'मुलगी' हा शब्द त्याच्याशेजारी फार गरीब दिसतो, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं. पुढे हात आपोआप चढत गेला. आवडते खेळ? 'कंदुकक्रीडा, तसेच पातेल्यांवर आघात करणे.' आवडता खाऊ? 'कदली.' झोपेच्या सवयी? 'अपराह्नी नेत्रांचे मर्दन करते, परंतु पितामहीच्या सान्निध्यातच निद्राधीन होते.' स्वभाव? इथे तिला बराच विचार करावा लागला, कारण अवखळ, खट्याळ, खोडसाळ, प्रेमळ, वेंधळी अशी सगळीच विशेषणं बाद झाली होती. 'एकंदरीत प्रसन्न, क्वचित प्रलयंकारी.' बाळाविषयी आईला काय काळजी वाटते, असा शेवटचा प्रश्न होता आणि त्याला अर्धं पान मोकळं सोडलेलं होतं. या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्याजवळ दीड पानाचं होतं. मुलगी तिथे रडेल का, कोणी तिला उचलून घेईल का, मी गेल्यावर दाराकडे किती वेळ बघत राहील, आणि अजिबात बघितलंच नाही तर मला काय वाटेल. पण त्यातल्या एकाही वाक्याला कंदुकक्रीडेच्या रांगेत उभं राहता येईना. तिने लिहिलं, 'काहीही चिंता वाटत नाही.'

शेवटी एक प्रतिज्ञा छापलेली होती. तिने त्यातली घुबडं मोजली. 'मी माझ्या बाळाला वेळेवर शाळेत आणीन व वेळेवर घरी नेईन. वेळ न पाळल्यास शाळेच्या नियमाप्रमाणे होणारा निर्णय पाळीन.' खाली, 'वरील मजकूर जसाच्या तसा उतरवून सही करावी.' म्हणजे दोन वाक्यांत आठ. ती जागा तिने कोरी ठेवली आणि नुसती सही केली.

अर्जाच्या खिडकीतल्या बाईंनी कोरी जागा पाहताक्षणी अर्ज बाहेर सरकवला. ती म्हणाली, सही आहे ना. बाई म्हणाल्या, सही कशाच्या खाली आहे? ती म्हणाली, हाताला लागलंय. बाईंनी तिचे दोन्ही हात पाहिले, आणि वर लिहिलेल्या कदलीकडे पाहिलं, आणि निर्विकारपणे सांगितलं की संचालिकाबाईंनी आत बोलावलंय, आधी मुलीला घेऊन भेटून या, प्रतिज्ञा माझ्यासमोर बसून लिहायची. वेलांटीच्या आईला वाटलं, चला, निदान भेट तरी पार पडेल.

संचालिकाबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. टेबलावर कागदांचा ढीग होता. त्यांनी अर्ज हातात घेऊन चष्मा नाकावर आणला आणि सावकाश, प्रत्येक शब्दाला मान देत, मोठ्याने वाचला. मग तो खाली ठेवला.

"घरी असंच बोलता का तुम्ही?"

"हो. म्हणजे, थोडंसं."

बाई वेलांटीकडे वळल्या. "काय गं, तुझी पितामही कुठे आहे?"

वेलांटीने वाकून टेबलाखाली पाहिलं. मग खुर्चीखाली. सापडली नाही, असं तिने आईला हळूच सांगितलं. मोठ्या माणसांच्या वस्तू हरवतात, हे तिला माहीत होतं, त्यामुळे ती मदत म्हणून टेबलावरही शोधू लागली. एक कागद उचलला, दुसरा उचलला, आणि तिसऱ्याखाली उघडं पडलेलं एक पुस्तक निघालं. त्याच्या समासावर तिने बोट ठेवलं आणि तिचा चेहरा परगावात आपलं माणूस भेटल्यासारखा फुलला.

"आईचं घुबड," ती म्हणाली. "हे पण आईचं."

पान एकतीस होतं. कोणाचं बाळ, पुतळ्याचं.

वेलांटीच्या आईने खिडकीकडे पाहिलं. तळमजलाच होता, पण मूल घेऊन उडी मारणं शोभलं नसतं.

"हिला वाचता येतं?" संचालिकाबाईंनी विचारलं. आवाजात राग होता की नव्हता ते कळायला मार्ग नव्हता.

"नाही. एकच अक्षर ओळखते."

"कोणतं?"

आता उरलंच काय होतं. "ळ," ती म्हणाली.

बाईंनी पुस्तक ओढून घेतलं, चौदा पानं उलटली आणि पान पंचेचाळीस तिच्यासमोर ठेवलं. पेन्सिलचं टोक मोडल्याची खूणही शाबूत होती. मुलगी घेऊन आता परत जायचं, छापखान्याला नाही म्हणून कळवायचं, आणि सासूबाई म्हणणार की आधीच सांगत होते, एवढं सगळं तिला एका क्षणात दिसलं. ती माफी मागायला तोंड उघडणार तोच बाई बोलल्या.

"याचं उत्तर द्यायचं राहिलंय माझं. दोन आहेत. जुळी."

वेलांटीच्या आईने मोडलेल्या टोकाच्या खुणेवर बोट ठेवून ती झाकली.

"पण पुस्तक लिहिलं तेव्हा नव्हती," बाई पुढे म्हणाल्या. "तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. शेजारणीचं बाळ सात मिनिटांत झोपलेलं मी पाहिलं होतं. एकदा."

मग त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला आणि बाकीचं सांगितलं. जुळी झाली तोवर पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. बायका घरी यायच्या, तुमची मुलं किती मिनिटांत झोपतात ते विचारायच्या, आणि आत एक रडत असताना, दुसरं कडेवर असताना, बाई दारातच उभं राहून हसतमुखाने सांगायच्या, सात. वीस वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या. स्मितहास्य तर करून करून गाल दुखायचे, त्यात एकच शब्द पुरे होता हे तुम्ही बरोबर पकडलंत.

"पंचेचाळीसच्या पुढे मात्र एकही शेरा नाही. तिथून पटलं की काय?"

"झोप लागली," ती म्हणाली.

"हिला?"

"दोघींना."

बाई पहिल्यांदा हसल्या. टेबलावरची पेन्सिल तिच्याकडे सरकवत त्यांनी पान एकतीस पुन्हा उघडलं. आवृत्ती छापायला द्यायची आहे आणि हे एक वाक्य तीन आठवडे अडून बसलंय, म्हणाल्या. दहा मिनिटं लिहावं तर खोटं, वीस लिहावं तरी खोटं. काय करू या सात मिनिटांचं?

पेन्सिल हातात आल्यावर वेलांटीच्या आईची भीती निम्मी झाली. तिने वाक्य एकदा वाचलं, डोकं बाजूला कलतं केलं, जसं छापखान्यात करायची.

"सात राहू द्या, बाई. फक्त मिनिटं काढा."

आणि सवयीने एका फटक्यात तो शब्द खोडूनही टाकला. बाईंनी वाक्य नव्याने वाचलं. बाळ सात झोपते. मग म्हणाल्या, अर्थ लागत नाही, पण खोटं काहीच नाही. तेवढ्यात वेलांटीने टेबलावरची टाचण्यांची डबी उपडी केली. मनाचा तोल ढळू न देता त्या दोघींनी टाचण्या गोळा केल्या, निदान एकमेकींसमोर तरी.

निघताना बाईंनी अर्ज तिच्या हातात परत ठेवला.

"जागा दिलीय मुलीला. अर्ज मात्र चालायचा नाही. हा आमच्या कोणालाच कळणार नाही. मराठीत भरून द्या."

मग खिडकीपाशी, बाकावर बसून, तिने नवा कोरा अर्ज मागून घेऊन भरला. सकाळी सहाला उठते. खेळते, पळते, लोळते. केळं आवडतं. डोळे चोळते पण झोपत नाही, आजीजवळ मात्र झोपते. खट्याळ आहे, प्रेमळ आहे, धुमाकूळ घालते. काळजीच्या अर्ध्या पानावर ती बराच वेळ थांबली, आणि मग तिने ते सगळं लिहून काढलं, दाराकडे बघण्यासकट, आणि जागा पुरेना तेव्हा कागदाच्या कडेने वर चढत समासात लिहिलं. शेवटी प्रतिज्ञा उतरवली, आठच्या आठ.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला आणि बोटाने माथ्यावरची सूचना दाखवली.

"चित्रं काढलेला अर्ज घेत नाही आम्ही. ही पाखरं कसली जागोजागी?"

वेलांटी आईच्या कमरेवरून पुढे वाकली. बाईंचा अजिबात विश्वास नसलेला चेहरा तिने नीट पाहून घेतला.

"पाखरू नाही," ती म्हणाली, आणि जीभ पूर्ण मागे वळवून, प्रत्येकीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ळ."